पाहुण्यांच्या खोलीचा रंग

आष्टीतील आमच्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी आम्हांस एक अनपेक्षित काम सांगितले. त्यांचे सहा खोल्यांचे छोटेसे लॉज आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर ते नवीन आष्टी अशी रेल्वे सुरू झाली. तेव्हापासून गावात उतरणारी माणसे वाढतील ही आशा त्यांच्या मनात घर करून आहे आणि म्हणून खोल्या नव्याने रंगवायचे त्यांनी ठरविले. रंगाच्या दुकानातून आणलेले जाडजूड शेड कार्ड आमच्यापुढे टाकून ते म्हणाले, "तुम्ही वाचणारी माणसं. सांगा बरं, लोकाच्या खोलीला कोणता रंग द्यावा?"

त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन सुटका करून घेतली. पण 'लोकाच्या खोलीला' हा त्यांचा शब्द मनात राहिला. आपल्या घराला कोणता रंग द्यावा यावर घरोघरी वाद होतात. लोकाच्या खोलीला कोणता द्यावा, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. कारण त्या रंगाच्या निवडीत यजमानाची आवड फार थोडी असते. तेथे कोण येणार, कोण येऊन गेले आणि कोणी येऊच नये, या तीन गोष्टी त्या भिंतीवर आधीच लिहिलेल्या असतात. त्या वाचण्याचा हा एक प्रयत्न.

स्वतःच्या घराच्या भिंतीवर आपल्याच माणसांच्या खुणा असतात. दाराच्या चौकटीशेजारी मुलांच्या उंचीच्या रेघा, देवघराजवळ धुराचा काळसर पट्टा, आजोबा जेथे टेकून बसत तेथे तेलाचा डाग. या खुणा आपल्या म्हणून खपतात, प्रसंगी जपल्याही जातात. उताऱ्याच्या खोलीत नेमक्या याच खुणा परक्याच्या होतात आणि किळस आणतात. तेथे नव्याने आलेल्या माणसाला आपल्याआधी येथे कोणी निजलेच नव्हते असे वाटले पाहिजे. पाहुण्याच्या भिंतीचे पहिले काम विसरण्याचे आहे.

याला एक लक्षणीय अपवाद आहे आणि तो मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. चक्रधरस्वामींनी जेथे जेथे मुक्काम केला त्या जागा महानुभावांच्या 'स्थानपोथी'त दिशा, दार, चौक यांच्या तपशिलासह नोंदल्या गेल्या आणि अशा कितीतरी जागांवर ओटे बांधून त्या पूजिल्या गेल्या. पाहुणा वंदनीय असला की त्याची खूण राखायची आणि सामान्य असला की पुसायची, असा हा व्यवहार आहे. आपण बहुतेक सारे दुसऱ्या वर्गातले. आपल्यामागे भिंतीवर एक हात चुना फिरतो.

हा चुना आला कोठून? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांना गावाच्या जमिनीचे दोन भाग ठाऊक असतील: पिकाची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांना हा शब्द अक्षरशः लागू पडे. छतावर पांढरी माती, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोचारा, जमिनीला शेणाचे सारवण. गावात आलेला परका माणूस चावडीत, मारुतीच्या देवळात किंवा धर्मशाळेत उतरे आणि तेथील भिंतीही गावाच्याच मातीच्या असत. ऐपत असेल तेथे मातीऐवजी चुना येई. दख्खनच्या काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, तो रांजणात मुरू द्यायचा आणि गाळून पातळ करून कुंच्याने ओल्या भिंतीवर लावायचा. लावताना तो पाण्यासारखा दिसतो. वाळताना हवेतील कर्बवायू शोषून त्याचा पुन्हा दगड होतो आणि भिंत पांढरी होते. ओला चुना इतका दाहक असतो की त्यात जंतू तग धरत नाहीत. हे रसायन कळण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून लोकांना अनुभवाने ठाऊक होते, की सफेदी केलेल्या खोलीत वास राहत नाही आणि किडामुंगी कमी होते.

पण चुना हट्टी असतो, आणि रंगाच्या इतिहासातील ही मोठी गोष्ट आहे. त्याच्या क्षारापुढे फुलापानांचे बहुतेक रंग टिकत नाहीत. टिकतात ते मातीचे आणि खनिजांचे. म्हणून जुन्या धर्मशाळा, देवळे आणि वाडे यांच्या भिंतींवर आपल्याला एक ठरावीक रंगमाला दिसते: गेरू अथवा काव, होर्मूझ बंदराचे नाव आजही अंगावर वागविणारी हुरमुजी, पिवळसर छटेसाठी पिवडी, आणि पांढरेपणातील पिवळी झाक मारण्यासाठी चिमूटभर नीळ. या 'नीळ' शब्दाचाही एक प्रवास आहे. तो मुळात झुडपापासून काढलेल्या रंगाचा. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन तयार झाले, पुढे त्याच्या पुड्या बाजारात आल्या आणि वस्तू बदलली तरी मराठीने जुनेच नाव तिला दिले. फिकट निळसर-हिरवी छटा हवी असल्यास चुन्यात मोरचूद घालीत. आष्टीकडचा डाळिंबाचा बागाईतदार हा रंग डोळे मिटून ओळखील, कारण झाडांवरील बुरशीसाठी तो जे बोर्डो मिश्रण करतो तेही मोरचूद आणि चुना यांचेच. खोलीचा 'आकाशी' आणि बागेचे औषध यांचे कूळ एकच आहे.

तेव्हा पूर्वीच्या धर्मशाळेत रंग कोणी 'निवडला' असे म्हणणे धाडसाचे होईल. चुना जे सोशील आणि गावात जे मिळेल तो रंग. मात्र तो कोठे लावायचा, याची निवड होत असे. अजिंठ्याच्या विहारांत मधला मंडप चित्रांनी भरलेला आहे. तांबड्या-पिवळ्या मातीचे रंग, दख्खनच्याच खडकातील हिरवी माती आणि दूर बदक्षानहून आलेला निळा राजावर्त, सारे तेथे आहे. भोवतीच्या निजावयाच्या कोठड्या मात्र साध्या. चारचौघांत बसायच्या जागेला रंग आणि डोळे मिटायच्या जागेला साधेपण, हा विवेक या भूमीत दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे. पुढील काळातील धर्मशाळांतही बाहेरच्या ओवऱ्यांना गेरूचे पट्टे आणि आतील खोलीला नुसता चुना असे दृश्य अनेकांनी पाहिले असेल.

येथवरची कथा गोड आहे. परंतु तेवढ्यावर थांबलो तर ती खोटी ठरेल. पांढऱ्या भिंतीचे दोन अर्थ होतात. एक अर्थ 'ही खोली स्वच्छ आहे'. दुसरा अर्थ 'ही खोली विटाळलेली नाही'. आपल्या समाजात हे दोन अर्थ इतका काळ एकमेकांत मिसळून राहिले की ते वेगळे करण्यासाठी कायदे करावे लागले.

पहिल्या अर्थाचा अतिरेक १८९६ च्या प्लेगमध्ये झाला. मुंबईत आणि पुढे पुण्यात साथ पसरली तेव्हा सरकारी पथके घरोघरी शिरून कार्बोलिक आम्ल शिंपडू लागली आणि भिंतींना चुना मारू लागली. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरे रंगविली जात. पाहुण्याच्या स्वागतासाठी होणारी सफेदी येथे शिक्षेसारखी झाली. घरमालकाच्या इच्छेविरुद्ध त्याची भिंत पांढरी केली जाणे, हा अपमान त्या काळच्या लोकांनी विसरला नाही. तरीही सार्वजनिक इमारतींत ठरावीक काळाने चुना मारण्याची जी सवय आपल्याकडे रुजली, तिच्यात या साथीच्या वर्षांचा वाटा असावा असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या अर्थासाठी नगर ते बीड हा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. आजचे अहिल्यानगर तेव्हा ब्रिटिश मुलखात, आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यापुढचे जामखेड पुन्हा ब्रिटिश अंमलात आणि बीड पुन्हा निजामाकडे. याच टापूत खर्ड्याला १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली होती आणि याच टापूत चौंडीला १७२५ मध्ये अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. ठिकठिकाणी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधून वाटसरूला छप्पर देणारे नाव म्हणून तो जन्म स्मरणीय आहे. पण धर्मशाळा बांधली म्हणून ती सर्वांना उघडी झाली असे झाले नाही. अस्पृश्य मानलेल्या माणसाला बहुतेक धर्मशाळांच्या ओट्यावरही जागा नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहामागे हा ठराव होता हे आपण शिकतो. त्यात धर्मशाळेचा शब्दही होता, हे मात्र आपण सहसा विसरतो.

आता त्या वर्षी नगरहून बीडला निघालेला एखादा महार वाटसरू कल्पावा. कागदावर तरी नगरला धर्मशाळेचे दार त्याला उघडे. आष्टीला पोचला की तो कागद संपला. जामखेडला पुन्हा लागू. बीडला पुन्हा नाही. प्रत्यक्षात चारही ठिकाणी त्याला बहुधा झाडाखालीच निजावे लागले असेल. रस्त्याकडेच्या त्या झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारण्याची रीत आपण आजही पाहतो. ज्याच्या वाट्याला भिंत नव्हती, त्याच्या वाट्याला रंग आला तो असा.

खोलीच्या आतील अनुभवाचा दस्तऐवज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे आत्मकथन १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आल्यावर १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यास गेले. राहायला जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ते शिरले. ते केवळ पारशांसाठी होते. पण नोंदवहीत पारशी नाव लिहिल्यास राहता येईल, असा मार्ग तेथील रखवालदाराने काढला. वरच्या मजल्यावर ती एकाकी, अंधारी, अडगळीने भरलेली जागा होती. तरीही छप्पर मिळाले म्हणून ते तेथे राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेला एक जमाव जिना चढून आला आणि त्यांना खोली सोडावी लागली. त्या खोलीच्या भिंतींना कोणता रंग होता हे आपल्याला विचारावेसेही वाटत नाही. आम्ही रंगाचा शोध घेत तेथवर गेलो आणि रंगाचा प्रश्नच तेथे लाजून बाजूला झाला. याच लेखनात १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यातील हौदाच्या पाण्यावरून झालेला प्रसंगही आहे. दौलताबाद आणि आष्टी तेव्हा एकाच संस्थानात होती.

या दोन अर्थांची गाठ महाराष्ट्रात कोणी सोडविली असेल तर ती गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६). हातात खराटा घेतलेला हा माणूस स्वच्छतेचा आग्रही होता; पण त्याच्या स्वच्छतेत सोवळे नव्हते. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांच्या निवाऱ्यासाठी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी केली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. जागा झाडायची ती मागचा माणूस वाईट होता म्हणून नव्हे, पुढचा माणूस येणार म्हणून, हा भेद त्यांच्या कामातून स्पष्ट होतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नगर-बीड रस्त्यावरील कायद्याचे ते ठिगळकाम संपले. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात हॉटेलांबरोबर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द येतात. संस्कृत, फारसी, अरबी अशा तीन वाटांनी आलेले तीन निवारे एका कलमात शेजारी बसलेले पाहून शब्दांच्या अभ्यासकाला बरे वाटते.

याच काळात भिंतीही बदलल्या. धर्मशाळेच्या जागी लॉज आले आणि चुन्याच्या जागी डिस्टेंपर. चुन्याविरुद्ध मुख्य तक्रार एकच होती: तो पाठीला लागतो. पैसे मोजून उतरलेल्या गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मालकाने शब्दशः चुना लावणे बरे दिसत नाही. मग छातीएवढ्या उंचीपर्यंत गडद तैलरंग, वर फिकट डिस्टेंपर आणि मध्ये बोटभर रुंदीची रेघ, अशी एक भिंत घडली. सरकारी विश्रामगृह, दवाखाना, शाळा आणि लॉज यांत ती सारखीच दिसे. तेल लावलेल्या डोक्याचा डाग पुसता यावा हा तिचा हेतू होता. चुन्याची भिंत विसरण्यासाठी दरवर्षी नवी व्हावी लागे. तैलरंगाची भिंत फडक्याने विसरू लागली. खर्च वाचला, पण त्याची एक किंमतही होती. जुन्या झगझगीत पिवळ्या आणि लाल रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरविणारे नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तेव्हा जुन्या तैलरंगाचे पोपडे कोरडे खरवडून त्याची धूळ उडविणे आजही धोक्याचे आहे.

आणखी एक बदल भाषेचा. मराठीत रंगांची नावे वस्तूंवरून आली: अबोली, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, मोतिया, राखाडी, फारसीच्या वाटेने आलेली बदामी, अस्मानी, अंजिरी. ही नावे उच्चारताच वस्तू डोळ्यांपुढे येते आणि ती वस्तू सर्वांच्या परिचयाची असते. स्नेह्यांच्या शेड कार्डावर शेकडो छटा होत्या आणि प्रत्येकीला एक इंग्रजी नाव व एक क्रमांक. त्यांतील एकीकडे बोट दाखवून त्यांची आई म्हणाली, "हा तर आपला सायीचा रंग." क्रमांकाला नाव मिळाले आणि निवड निम्मी झाली.

शेवटी ठरले ते असे. पुढच्या पडवीला, जेथे चार माणसे चहा पीत बसतात, गेरूच्या जवळचा तांबूस रंग. खोल्यांना सायीचा. जुन्या तैलरंगाचा थर ओला करून काढायचा. न्हाणीघराकडील ज्या भिंतीला ओल येते तिच्यावर प्लास्टिक रंग न देता चुनाच, म्हणजे ती श्वास घेईल. हा सल्ला अजिंठ्याचा आणि धर्मशाळेचा आहे. आमचे त्यात काही नाही.

रंगाचे काम दिवाळीच्या सुमारास निघाले. ते हंगामाचे दिवस होते. आष्टीच्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात ते याच सुमारास. पुढील चार-पाच महिने ती कुटुंबे बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत निजतात. परक्या मुलखात आष्टीचा माणूस पाहुणा होतो तेव्हा त्याला भिंतच नसते, मग रंग कोठला? रंगाऱ्याच्या हाताखाली काम करणारा मुलगा तेवढ्यासाठी टोळीबरोबर गेला नाही, असे स्नेही सांगत होते. दुसऱ्याच्या निजण्याची भिंत तो घासत होता आणि त्याचे आईवडील कोपी उभी करत होते.

काम झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. खोल्या प्रसन्न दिसत होत्या. निघताना गल्ल्यावरील नोंदवहीकडे लक्ष गेले. नाव, गाव, ओळखपत्र, येण्याचे कारण. आडनाव वाचून माणूस ओळखण्याची आपली सवय कायद्याने गेलेली नाही, हे आपण सारे जाणतो. आम्ही स्नेह्यांना बडोद्याच्या त्या नोंदवहीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही मिटून म्हणाले, "भिंतीचं झालं. आता गल्ल्यावर कोण बसवायचा, ते बघायला पाहिजे."

पाहुण्यांच्या खोलीला कोणता रंग द्यावा, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर आम्हांस आजवर सापडलेले नाही.